डावी कळ

आमच्या घरातला उंदीर म्हातारा झाला आहे, ही बातमी मला प्रथम आमच्या चिरंजीवांनी दिली. "बाबा, तुमचा माउस गेला," असं तो म्हणाला. हल्लीच्या मुलांचं निदान नेहमी असंच असतं. त्यांच्या लेखी वस्तू आजारी पडतच नाही. ती एकदम 'जाते'!

मला मात्र तो गेल्यासारखा मुळीच वाटत नव्हता. उलट अलीकडे तो जरा जास्तच तत्पर झाला होता. एकदा सांगितलेलं दोनदा ऐकायचा. एखादं पत्र नुसतं निवडावं म्हणून बोट टेकवलं, तर तो ते उघडून समोर ठेवी. एक खिडकी मिटायला जावं, तर तिच्यामागची दुसरीही मिटे. एखादी फाइल उचलून दुसरीकडे न्यायला घेतली की ती अर्ध्या वाटेत हातातून सुटे आणि भलत्याच कप्प्यात जाऊन पडे. संतवाङ्मयावरची माझी टिपणं अशीच एकदा विजेच्या बिलांत सापडली. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा घरबसल्या दोन नारळ मागवले, तर चार आले. "मी एकदाच दाबलं होतं हो!" असं त्या शपथेवर सांगत होत्या, आणि ते खरंही होतं. पुढे आठवडाभर आमच्याकडे कारल्याच्या भाजीतसुद्धा खोबरं पडत होतं.

पण म्हातारी माणसं एकच गोष्ट दोनदा सांगतात, तिची आपल्याला सवय होते की नाही? तशी याचीही झाली. जुन्या वाड्याच्या दाराची जशी एक खुबी असते—कडी जरा वर उचलायची, खांद्यानं हलकेच रेटायचं, की दार उघडतं—तशी आम्ही प्रत्येकानं आपापली खुबी शोधून काढली. ही अगदी अलगद दाबायची. मी ठामपणे आणि सावकाश दाबायचो. चिरंजीव दाबतच नसत. त्यांचा स्वतःचा निराळा माउस आहे, आणि त्याला रंगीत दिवे लागतात.

मराठीचा प्राध्यापक असल्यामुळे मला यंत्रापेक्षा यंत्राच्या नावाचं कौतुक अधिक. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट नावाचे एक संशोधक होते. त्यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश या त्यांच्या सहकाऱ्यानं १९६४ साली पहिला माउस बनवला. तो चक्क लाकडी होता. पोटाखाली एकमेकांशी काटकोन करणारी दोन चाकं आणि डोक्यावर एकच कळ. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या सभेत एंगेलबार्टनी तो चालवून दाखवला, आणि १७ नोव्हेंबर १९७० रोजी त्याचं पेटंट मिळालं. पेटंटाच्या मथळ्यात मात्र उंदीर नाही. तिथं 'पडद्यावरचं क्ष-य स्थान दाखवणारा दर्शक' अशा अर्थाचं भारदस्त नाव आहे. पण शेपटीसारखी तार पाहून प्रयोगशाळेत कुणीतरी त्याला उंदीर म्हटलं. कुणी, ते पुढे एंगेलबार्टनाही आठवत नव्हतं. आपल्याकडे पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहतं आणि 'बाळ्या'च जन्मभर चालतो, तसंच हे झालं.

बटणाला मी कळ म्हणतो. वर्गातली मुलं हसतात, हसोत. दाबायची ती कळ, आणि पोटात उठते तीही कळच. एका शब्दात एवढी सोय इंग्रजीत नाही. माझ्या माउसनं मला या शब्दाचे दोन्ही अर्थ शिकवले, आणि तेच आज सांगायला बसलो आहे.

झालं असं. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही मंडळी नेहमीप्रमाणे उत्तरपत्रिका तपासायला बसलो होतो. आता उत्तरपत्रिका तपासायच्या म्हणजे लाल शाईचं पेन आणि गठ्ठ्यांची सुतळी नव्हे. पत्रिका आधीच यंत्रानं टिपून घेतलेल्या असतात. आपण मूल्यांकन केंद्रात संगणकासमोर बसायचं. पडद्यावर एकेक पान येतं. वाचायचं, गुण द्यायचे, आणि कोपऱ्यातल्या बाणावर टिचकी मारली की पुढचं पान. विद्यार्थ्याचं नाव नाही, गाव नाही. नुसत्या काळ्या उभ्या रेघा. सगळी पानं पाहून झाल्याखेरीज पत्रिका सादर करता येत नाही, अशी चोख व्यवस्था. परीक्षकानं चुकारपणा करू नये म्हणून!

केंद्रातले माउस फार कळकट असतात. कुणाच्या बोटांना पोह्यांचं तेल, कुणाच्या बोटांना आणखी काही. म्हणून दरवर्षी मी आपला घरचा माउस पिशवीत घालून नेतो. त्याही वर्षी नेला. डब्याशेजारी शेपटी गुंडाळून तो निमूट बसला होता.

तिसऱ्या दिवशीची दुपार. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत पंखा कुरकुरत होता. मी एक उत्तर वाचत होतो. मुलानं—किंवा मुलीनं—सुरुवात बरी केली होती. मग एकाएकी विषय तुटला. पानाच्या शेवटच्या ओळीत 'म्हणून आपल्याला असे दिसते की' असं होतं, आणि पुढच्या पानाची पहिली ओळ कुठल्या तरी वेगळ्याच मुद्द्याच्या मध्यावर सुरू होत होती. मी मनाशी म्हटलं, विस्कळीत. दोन गुण कमी केले. हा शब्द माझ्या फार आवडीचा आहे. या पिढीला दोन वाक्यं एकमेकांना जोडता येत नाहीत, हे मी गेली काही वर्षं चहाच्या टेबलावर नेमानं सांगत आलो आहे. सहकारी माना डोलावतात.

पुढच्या पत्रिकेत पुन्हा तेच. विस्कळीत! त्याच्या पुढचीत पुन्हा. आता मात्र मला या पिढीची कीव आली, आणि शेजारच्या सहकारी बाईंना दाखवावं म्हणून मी हाक मारली. "बघा हो बाई, कसं लिहितात. 'म्हणून' नंतर काय, याचा पत्ता नाही!"

बाई वाकल्या. त्यांनी वाचलं. मग अगदी सहज म्हणाल्या, "सर, हे सहा नंबरचं पान. आणि पडद्यावर आहे ते आठ. सात कुठं आहे?"

सात कुठं आहे! मी मागच्या बाणावर टिचकी मारली. सातवं पान आलं. 'म्हणून आपल्याला असे दिसते की' याच्या पुढचं सगळं वाक्य तिथं नीट, पूर्णविरामासकट उभं होतं.

माउसनं एका टिचकीच्या दोन केल्या होत्या. बाण दोनदा दाबला गेला होता, आणि मधलं पान डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन निघून गेलं होतं. प्रत्येक वेळी नव्हे. कधीमधी, त्याच्या लहरीप्रमाणे. पान पडद्यावर येऊन गेलं असल्यामुळे व्यवस्थेच्या दृष्टीनं ते 'पाहिलेलं' होतं. तिची काही तक्रार नव्हती. पत्रिका सादर होत होत्या. तीन दिवसांत मी अशा चौऱ्याहत्तर पत्रिका सादर केल्या होत्या.

वाचकहो, तेव्हा जी कळ उठली ती ही दुसरी.

प्रथम मला माउसचा राग आला, हे कबूल करतो. पण बाई आपल्या जागेवर गेल्यावर मी एकटाच बसलो, आणि मग हळूहळू एक निराळीच गोष्ट ध्यानात यायला लागली. माउसनं पानं उडवली, हे खरं. पण तीन दिवस पानं उडत होती आणि मला कळलं नाही, हे कसं? चौऱ्याहत्तर पत्रिकांमध्ये किती वाक्यं अशी अधांतरी लोंबकळत राहिली असतील! मी जर खरोखर वाचत असतो, तर पहिल्याच वाक्याला ठेचकाळायला हवं होतं. ठेच लागलीही होती; मी तिला 'विस्कळीत' असं नाव देऊन पुढे गेलो होतो. पोरांची वाक्यं तुटली नव्हती. माझं वाचन तुटलं होतं. एका पत्रिकेमागून दुसरी, एका वर्षामागून दुसरं, असं वाचता वाचता डोळे नुसते पानावरून फिरत होते, आणि मत मात्र आधीच तयार होतं. माउसची डावी कळ नऊ वर्षांत झिजली होती. मला नोकरीत वीस वर्षं झाली होती.

मी उठलो आणि केंद्रप्रमुखांकडे गेलो. सादर केलेली पत्रिका परीक्षकाला पुन्हा उघडता येत नाही. वरून परवानगी आणावी लागते. ते गृहस्थ सज्जन. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "सर, कुणाला कळणार आहे? ज्यांना कमी वाटतील ते पुनर्मूल्यांकन मागतीलच की!"

हे अगदी खरं होतं, म्हणूनच मोहाचंही होतं. कुणाला कळणार नव्हतं. नावं मला माहीत नव्हती, माझं नाव मुलांना माहीत नव्हतं. निकाल लांबला म्हणून बोलणी बसणार ती मात्र मला, आणि तीही लेखी. खोटं कशाला सांगू, मी क्षणभर गप्प बसलो. पण मला राहून राहून वाटत होतं, की पुनर्मूल्यांकनाला पैसे पडतात. आणि ज्याला पहिल्यापासून 'तुला लिहिता येत नाही' असं सांगण्यात आलं आहे, तो ते मागतच नाही. तो ते खरं धरतो.

"उघडून द्या," मी म्हटलं.

मग अर्ज लिहायचा प्रसंग आला. काय लिहावं याच्या विचारात मी पडलो, तेव्हा तिथल्या कारकुनांनी सवयीनं मजकूर सांगितला : "तांत्रिक अडचणीमुळे..." काय सोयीचा शब्द आहे पाहा! सगळ्यांची चूक तो पोटात घेतो आणि कुणाचंच नाव घेत नाही. मीही तोच लिहिला. अडचण तांत्रिक होतीच. फक्त ती सगळी माउसमध्ये नव्हती, एवढं त्या अर्जात लिहायचं राहून गेलं. ते इथं लिहितो आहे.

परवानगी यायला चार दिवस लागले. चौऱ्याहत्तर पत्रिका मी केंद्रातल्या त्या कळकट माउसनं पहिल्यापासून पुन्हा वाचल्या, प्रत्येक पानाचा आकडा कागदावर टिपून. एकवीस पत्रिकांमध्ये कुठलं ना कुठलं पान उडालेलं निघालं. तेरांचे गुण वाढले. त्यांतली एक पत्रिका उत्तीर्णाच्या रेषेच्या दोन गुण खाली होती, ती वर आली. ती कुणाची हे मला कधीही कळणार नाही; पण तिचं सातवं पान मला आठवतं.

प्रश्न बोली आणि प्रमाणभाषा यांच्यावर होता. बाकी सगळ्यांनी मार्गदर्शकातली व्याख्या उतरवली होती. या मुलानं, किंवा मुलीनं, आपल्या आजीच्या जात्याची गोष्ट सांगितली होती. घरात चक्कीचं पीठ आलं, जातं परसात गेलं आणि त्याच्याबरोबर शब्दही गेले. खुंटा गेला. जात्याच्या तोंडात मुठीनं दाणे घालतात त्याला आजी 'वैरण' म्हणायची. आता घरात वैरण म्हटलं की सगळ्यांना फक्त गुरं आठवतात. एवढंच. शुद्धलेखनाच्या चार चुका होत्या. पण गेली वीस वर्षं ज्या उत्तराची मी वाट पाहतो आहे, ते हे होतं. आणि माझ्या पडद्यावरून ते एकदा डोळ्यादेखत निघून गेलं होतं. मी त्याला 'पाहिलं' होतं, अशी नोंदही आहे!

घरी येऊन मी ही हकीकत सांगितली. ही म्हणाली, "बरं केलंत." चिरंजीव म्हणाले, "बाबा, मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं." मग त्यानं उत्साहानं उपचार सुरू केले. आधी त्यानं संगणकातला दुहेरी टिचकीचा वेग बदलून पाहिला. विंडोजमध्ये अर्ध्या सेकंदाच्या आत दोन टिचक्या आल्या तर त्या जोडीनं आल्या असं मुळात धरलेलं असतं. तो अवधी त्यानं कमी केला. पण आमच्या उंदराची दुसरी टिचकी इतक्या लगबगीनं येई की काही उपयोग होईना. मग त्यानं एक छोटी आज्ञावली आणली. पहिल्या टिचकीला लागून आलेली दुसरी टिचकी ती ऐकूनही न ऐकल्यासारखं करते. ही युक्ती संसारात जुनी आहे. तिनं पुष्कळ दिवस निभतंही. पण मला ती नको होती. मुळात काय झिजलं आहे, ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं.

"चारशे रुपयांत नवा येतो," तो म्हणाला. येतो, हे मलाही माहीत आहे. मी शेपटी गुंडाळली आणि बुधवारातल्या तापकीर गल्लीत गेलो.

गल्लीच्या एका बोळात, जिन्याखालच्या जागेत एक वृद्ध गृहस्थ बसतात. पुढ्यात भिंग, दिवा आणि डाख द्यायचं तापलेलं हत्यार. माझी आई चरवी डाख द्यायला न्यायची, तोच उद्योग. फक्त भांडं बारीक झालं आहे. त्यांनी माउस उलटा केला आणि पोटाखालच्या गुळगुळीत पट्ट्या पात्यानं अलगद उचलल्या. स्क्रू त्या पट्ट्यांखाली दडलेले असतात. मला नऊ वर्षांत ते दिसले नव्हते. झाकण निघालं. आतून धूळ, केस आणि चिवड्याचा एक पुरातन कण निघाला.

"हे बघा, मास्तर," ते म्हणाले. मी मास्तर आहे हे त्यांनी कसं ओळखलं, देव जाणे. "तुम्ही दाबता ती नुसती टोपी. खरं काम याचं." टोपीखाली हरभऱ्याच्या दोन दाण्यांएवढी एक काळी डबी होती, तीन पायांवर उभी. तिच्या आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ, बाकदार पत्ती असते. दाबलं की ती झटक्यात एका बाजूची दुसऱ्या बाजूला उडी घेते आणि टेकते. तोच 'टक्' आवाज. सोडलं की परत. अशा साध्या डबीला बनवणारे पन्नास लाख किंवा एक कोटी दाबांचं आयुष्य सांगतात. भारीतल्याला दोन कोटी, पाच कोटीही. मी मनात हिशेब केला. दिवसाला तीन हजार टिचक्या धरल्या तर एक कोटीला नऊ वर्षं लागतात. माझा माउस २०१५ सालचा. बिचारा अगदी वेळेवर थकला होता.

"पण मग ती बंद का नाही पडली? दोनदा का बोलते?" मी विचारलं.

त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं. टेकायची जागा काळवंडली होती. ते म्हणाले, नवी कोरी कळसुद्धा दाबली की थरथरते. पत्ती टेकते, उसळते, पुन्हा टेकते. काही हजारांश सेकंदांचा खेळ. तेवढी थरथर मनावर घ्यायची नाही, असं माउसच्या चिपला शिकवून ठेवलेलं असतं. पण पत्तीचा ताण गेला, जागा खराब झाली, की ती नीट टेकतच नाही. दाबून धरली तरी आत सुटते आणि पुन्हा लागते. चिपला वाटतं, दोनदा दाबलं. "झिजलेली वस्तू एकदम गप्प बसत नाही, मास्तर. आधी भलतं बोलते. गप्प बसली असती तर तुम्ही त्याच दिवशी आला असता."

मी काही बोललो नाही. सातवं पान डोळ्यांपुढे आलं.

आता नवी डबी घालायची; वीस रुपयांची होती त्यांच्याकडे. पण त्यांनी डोकं हलवलं. "ही स्वस्तातली आहे. तुमची उजवी काढतो आणि डावीकडे बसवतो. चांगल्या जातीची आहे आणि तिनं आजवर काही कामच केलेलं नाही. ही वीस रुपयांची उजवीकडे बसेल, तिथं फारसं कोण दाबतंय?" दहा मिनिटांत अदलाबदल झाली. सगळे मिळून शंभर रुपये. जुनी डबी त्यांनी कागदात बांधून दिली. ती माझ्या टेबलावर पेनांच्या शेजारी असते. नऊ वर्षं शेजारी बसून आराम केलेली उजवी कळ आता डावीकडे इमानानं राबते आहे. नारळ सांगितले तेवढेच येतात.

माझ्या आत मात्र अशी कोरी उजवी कळ नाही. ती सोय देवानं ठेवलेली दिसत नाही. म्हणून मी आपला साधा उपाय करतो. पडद्याशेजारी कागद ठेवतो आणि पानांचे आकडे टिपतो. दहा पत्रिका झाल्या की उठतो, तोंडावर पाणी मारतो. आणि 'विस्कळीत' हा शब्द मनात आला की आधी स्वतःकडे संशयानं बघतो.

परवा पुन्हा उत्तरपत्रिका आल्या. तिसऱ्याच पत्रिकेत एक उत्तर मध्येच तुटलं. माझ्या छातीत धस्स झालं. कागद पाहिला : सहा, सात, आठ. सगळी पानं जागच्या जागी होती. पुन्हा सहाव्या पानापासून सावकाश, ओळीवर बोट ठेवून वाचलं. मग आणखी एकदा वाचलं. उत्तर खरोखरच विस्कळीत होतं.

केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!